अबोलीतले भाडोत्री

आम्ही अबोलीत चौदा वर्षं राहिलो आणि दर अकरा महिन्यांनी आप्पा स्वतःच्या बोटांनी टाइप करायचे की या घरावर आमचा कसलाही हक्क नाही. आप्पा वसईच्या कोर्टाबाहेर टायपिस्ट होते. प्रतिज्ञापत्रं, वारसांचे अर्ज, भाडेकरार, लोकांना जे काही साहेबापुढे न्यायचं असेल ते आधी आप्पांच्या टेबलावरून जायचं. मग स्वतःचा करार दुसऱ्याकडून कशाला टाइप करून घ्यायचा? करार संपायच्या आधीच्या रविवारी सकाळी आंघोळ करून ते जेवणाच्या टेबलावर मशीन मांडायचे, स्टॅम्प पेपर सरळ करून घालायचे आणि सुरू. आतल्या खोलीत आईचं शिवणयंत्र चालू असायचं, कारण ती साड्यांना फॉल-बीडिंग करून द्यायची. एक यंत्र टकटक, दुसरं घरघर. मला लहानपणी वाटायचं की सगळ्यांच्या घरी असाच आवाज असतो. दुपारी मालक यायचे, दादरचे कारखानीसकाका. सही करायचे, आईच्या हातचं कोळंबीचं भुजणं जेवायचे आणि जाताना प्रत्येक वेळी म्हणायचे, "राऊत, तुमच्यामुळे घर जपलं गेलंय हो."

जपण्यासारखं त्या घरात फार काही उरलं नव्हतं. विरारला आमच्या आवारात तीन इमारती होत्या, अबोली, मोगरा आणि सायली. बिल्डरला फुलांची हौस असावी. पण बांधताना त्यानं खाडीची रेती वापरली होती, असं सगळे म्हणायचे, आणि त्या रेतीतल्या मिठानं वीस-पंचवीस वर्षांत आतल्या सळ्या खाऊन टाकल्या होत्या. सळी गंजली की फुगते आणि फुगली की वरचा गिलावा ढकलून देते, हे ज्ञान मला इंजिनिअरिंगच्या पुस्तकातून नव्हे, आईच्या वरणातून मिळालं. एकदा उकळत्या वरणात वरून चांगला पोळीएवढा तुकडा पडला. आईनं गॅस बंद केला, वर पाहिलं, म्हणाली, "आज ताक-भात." दुसऱ्या दिवशी तिनं शेगडीच्या वर छताला एका जुन्या फ्लेक्सची झालर बांधली. त्या फ्लेक्सवर कुण्या उमेदवाराचा हात जोडलेला फोटो होता. पुढची दोन वर्षं आमचा स्वयंपाक त्या गृहस्थांच्या नमस्काराखाली झाला.

तरी घर आवडायचं, हे खरं आहे. आमच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून मागची वाडी दिसायची. केळी, अबोलीचे ताटवे, विहिरीवरचा पंप. मार्च-एप्रिलात तळमजल्यावरच्या फिलोमिना टीचर सुकेळी करायच्या. गच्चीवर केळी वाळत घालायची आणि कावळे हाकलायची जबाबदारी माझी. मोबदल्यात पानात बांधलेली चार सुकेळी. टीचर गावातल्या शाळेतून निवृत्त झालेल्या, अविवाहित, शब्दाला कडक. चर्चमधून आल्या की पांढरा रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवायच्या आणि मग जिन्यात उभं राहून जो दिसेल त्याचं व्याकरण सुधारायच्या. दुसऱ्या मजल्यावर हिराबाई, अर्नाळ्याच्या. आयुष्यभर डोक्यावर पाटी वाहून मासळी विकली आणि त्यावर हे घर घेतलं. तिच्या दारावरून जाताना बोंबलांचा वास यायचा आणि तिचा आवाजही, कारण हिराबाई हळू बोलूच शकत नसे.

मी बारावीत असताना एके दिवशी पालिकेचा माणूस आला आणि तिन्ही इमारतींच्या दाराशी कागद चिकटवून गेला. इमारत राहण्यास धोकादायक, रहिवाशांनी स्वतःच्या जबाबदारीवर रिकामी करावी. संध्याकाळपर्यंत जिन्यात नुसती गर्दी. कुठं जायचं, कसं जायचं, घराची किंमत मातीमोल झाली, मुलांच्या शाळा. हिराबाई त्या कागदाकडे बोट दाखवून ओरडत होती, "पानी देयला कोन येत नाय, नि घरातून काडायला बरे येतात!"

आप्पा कोर्टातून आले, गर्दीतून वाट काढत कागदापर्यंत गेले आणि चष्मा वर करून तो पूर्ण वाचला. मग म्हणाले, "यात घाबरण्यासारखं आहे ते आहेच. पण सरकारची एक योजना आलीय. उद्या माहिती काढतो."

दोन दिवसांनी गच्चीवर सभा भरली. आप्पांनी आणलेला शासनाचा निर्णय म्हणजे वीसेक पानांची, एका वाक्यात तीन वाक्यं गुंतवलेली भाषा. पण आप्पांचं सगळं आयुष्य तसली भाषा उलगडण्यात गेलेलं. ते म्हणाले, "सोपं करून सांगतो. एकटी मोडकी इमारत पाडून बांधायला कुणी बिल्डर येत नाही, त्याला परवडत नाही. म्हणून सरकार म्हणतंय, शेजारच्या मोडक्या इमारतींनी एकत्र या. एकत्र आलात तर त्याच जागेवर नेहमीपेक्षा जास्त बांधकाम करू देतो, वाढीव चटईक्षेत्र देतो, काही शुल्कंही माफ करतो. वाढीव मजल्यांवरची घरं बिल्डरनं विकायची, त्यातून तुमची घरं तुम्हाला फुकट बांधून द्यायची, आणि बांधून होईपर्यंत बाहेर राहायचं भाडंही त्यानंच भरायचं."

"म्हंजे सरकार चटई देनार?" हिराबाईनं विचारलं.

सगळे हसले. आप्पा हसले नाहीत. त्यांनी गच्चीवरची आमचीच सुकेळ्यांची चटई उचलली, अंथरली आणि म्हणाले, "ही तुमची जमीन. हिच्यावर आज एकावर एक चार चटया मांडलेल्या आहेत, म्हणजे चार मजले. सरकार म्हणतंय, आणखी मांडा."

हिराबाईनं चटईकडे बोट दाखवलं. "मंग माजी कुटली?"

"तळमजला धरून तिसरी."

"नको. आता गुडगे गेले. लिफ्ट असंल तर वरची दे."

त्या दिवसापासून आमचं घर कचेरी झालं. तिन्ही इमारतींतल्या बहुतेक सगळ्या मालकांची लेखी संमती लागणार होती. कुणाचं करारपत्र सापडत नव्हतं, कुणाचा नवरा गेलेला आणि घर अजून त्याच्याच नावावर, कुणाच्या नावात एका कागदावर 'श' आणि दुसऱ्यावर 'स'. आप्पा कोर्टातून सहाला यायचे, चहा घ्यायचे आणि मशीनला बसायचे. आई मधूनमधून कुरकुरायची, तरी येईल त्याला पोहे करायची. मी धावपळीला. खालच्या मजल्यावर जा, झेरॉक्स काढून आण, मोगऱ्यातल्या आजोबांचा अंगठा घे. मला ते सगळं फार आवडायचं. माझ्या फिजिक्सच्या वहीच्या मागच्या पानावर मी आमच्या नव्या घराचा नकाशा काढला होता. त्यात मला वेगळी खोली होती आणि आईच्या शिवणयंत्राला खिडकी. आज मी नकाशे काढूनच पोट भरते, पण इतक्या मनापासून काढलेला नकाशा पुन्हा हातून झाला नाही. त्यात संडास काढायचा राहिला होता, ही गोष्ट वेगळी.

फिलोमिना टीचर काही केल्या सही देत नव्हत्या. "एका बिल्डरनं खाडीची रेती घातली. दुसरा काय घालील ते कुणी सांगावं? घर सोडण्याआधी रजिस्टर्ड करार हातात पाहिजे. प्रत्येकाचं नाव, प्रत्येकाचा नंबर, किती जागा, किती महिन्यांत. तोंडी काही नको." आप्पांना त्यांचं म्हणणं पटलं. त्यांनी तशी अट मसुद्यात घातली, सगळ्या सभासदांची यादी टाइप केली आणि ती माझ्याबरोबर टीचरांकडे पाठवली.

टीचरांनी चष्मा लावून, उत्तरपत्रिका तपासावी तशी, ओळीवर पेन्सिल ठेवत यादी वाचली. एक आडनाव दुरुस्त केलं. शेवटपर्यंत गेल्या, पुन्हा वर आल्या. मग मला म्हणाल्या, "मनीषा बाय, तुझ्या आप्पांचं नाव कुठं आहे?"

मी यादी घेतली. तिसरा मजला, आमचा नंबर. पुढं लिहिलं होतं, कारखानीस.

तुम्ही म्हणाल, सतरा वर्षांच्या मुलीला हे माहीत नव्हतं? माहीत होतं. घर भाड्याचं आहे हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण गच्चीवर आप्पा 'तुमची जमीन, तुमची घरं' म्हणत होते, तेव्हा त्या 'तुमची'मध्ये आम्ही नसू शकतो हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. टीचरांच्या घरात त्या दिवशी केकचा वास होता. त्यांनी बशीत एक तुकडा ठेवला. मी तो तसाच ठेवून वर गेले.

आईला विचारलं तर ती सुईत दोरा ओवत म्हणाली, "मला पहिल्या दिवशी सांगितलंय त्यांनी. भांडायचं असेल तर त्यांच्याशी भांड, पण चार माणसांत नको."

दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून मी वसईला गेले. कोर्टाबाहेर आप्पांचं टेबल, वर निळी ताडपत्री. समोर एक बाई नवऱ्याबद्दल काही सांगत रडत होती आणि आप्पा तिचं रडणं वगळून बाकीचं टाइप करत होते. मला पाहून त्यांनी फक्त बाकाकडे बोट केलं. बाईचं काम झालं, तिनं सही केली, गेली. मग आप्पांनी दोन चहा मागवले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मीच टाइप करतो ना दरवेळी. मला नाही तर कुणाला माहीत असणार?"

"मग त्यांच्यासाठी कशाला मरताय एवढे? त्यांना मोठी घरं मिळणार, भाडं मिळणार. आपल्याला काय? आपण कुठं जायचं?"

"कामणला एक खोली बघितलीय. गोडाऊनच्या रस्त्याला. हवा बरी आहे."

म्हणजे जागाही बघून झाली होती! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. "कारखानीसकाका काही देणार नाहीत?"

"त्यांनी कशाला द्यायचं? घर त्यांचं. मी चौदा वर्षं भाडं दिलं, त्यांनी चौदा वर्षं राहू दिलं. व्यवहार चोख होता."

"मग फाईल राहू द्या ना पडून. इमारत उभी आहे तोवर आपण आहोत."

आप्पांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. ते कधी आवाज चढवायचे नाहीत, त्या दिवशीही नाही. "मने, स्लॅब पडतो तेव्हा खाली मालक आहे की भाडोत्री, हे विचारून पडतो का? आणि त्या सगळ्यांना हे कागद कळत नाहीत. मला कळतात. कळत असून बसून राहू?"

मला ते उत्तर पटलं नाही. आज पटतं, पण आज मी त्यांच्या त्या वेळच्या वयाची झालेय. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की माझा बाप लोकांची घरं टाइप करतोय आणि त्याच्या स्वतःच्या घराचं कुणाला पडलेलं नाही.

पुढच्या सोमवारी फाईल पालिकेत द्यायची होती. सगळ्या संमती आल्या होत्या, टीचरांचीही. फाईलसोबत एक अर्ज होता, की इमारती पाडेपर्यंत धोक्याच्या खोल्यांना लोखंडी टेकू लावण्याची तातडीनं परवानगी मिळावी. रविवारी सकाळी आप्पा बाजारात गेले तेव्हा मी ती फाईल उचलली आणि माझ्या गादीच्या खोळीत सरकवली.

मी काय ठरवलं होतं? काहीच नाही. फक्त त्यांना ती मिळू नये, एवढंच. आप्पांनी घर पालथं घातलं. आईनं गिऱ्हाइकांच्या साड्यांचे गठ्ठे सोडून परत बांधले. आप्पा जिन्यात प्रत्येक मजल्यावर विचारून आले. मीही शोधत होते, पलंगाखाली वाकून, इतकं खोटं की आजही आठवून कान तापतात. सोमवार गेला, मंगळवार गेला. आप्पा सगळे कागद नव्यानं टाइप करायला बसले, पण सह्या नव्यानं कुठून आणणार? बोटं मशीनवर आणि नजर भिंतीवर, असे ते बसलेले मी पाहिले आणि तरी गप्प राहिले.

बुधवारी दुपारी आवाज झाला. तो आवाज मला सांगता येत नाही, पोतं टाकल्यासारखा, पण लांबच लांब. धूळ जिन्यातून वर आली. आम्ही खाली धावलो. हिराबाईच्या स्वयंपाकघराचं अर्धं छत खाली आलं होतं. हिराबाई ओट्यापासून हातभर अंतरावर भिंतीला टेकून बसली होती, अंगभर चुना, आणि डावं मनगट विचित्र वळलं होतं. ज्या पाटीत ती कोळंबी सोलत होती ती पाटी गिलाव्याखाली गायब होती. आयुष्यात पहिल्यांदा ती हळू बोलली. "पानी दे, बाय."

मी तिला पाणी पाजलं. घाईत अर्धं तिच्या पदरावर सांडलं. रिक्षा आली, आप्पा तिला घेऊन दवाखान्यात गेले. मी वर गेले, खोळ उघडली, फाईल काढली आणि टेबलावर ठेवून समोर बसून राहिले.

आप्पा संध्याकाळी आले. त्यांनी फाईल पाहिली, मग मला. मला वाटलं, आता पहिल्यांदा हात उठेल. ते खुर्चीवर बसले आणि एकेक पान तपासू लागले. सगळी पानं पाहून झाल्यावर म्हणाले, "मोगऱ्याची संमती दुमडलीय. इस्त्री गरम कर."

मी इस्त्री गरम केली. त्यांनी पातळ फडकं घालून ते पान सरळ केलं. मी रडत होते, ते काम करत होते. शेवटी म्हणाले, "हाताला प्लास्टर घातलंय. दीड महिन्यात बरा होईल. उद्या तू तिच्याकडे जा आणि तूच सांग." याहून जास्त एक शब्दही ते त्या विषयावर पुढं कधी बोलले नाहीत.

मी गेले. सांगितलं. हिराबाईनं ऐकून घेतलं. गळ्यात हात बांधलेला, दुसऱ्या हातात चहा. म्हणाली, "मी तुज्या जागी असते तर जालून टाकली असती." मग माझ्या पाठीत चांगला धपाटा घातला, इतका जोरात की मी कळवळले. "हा हाताचा. आता मासली साफ करून दे, मना एका हातानं जमत नाय." महिनाभर मी तिची मासळी साफ केली. आज बोंबील साफ करण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

फाईल गेली. टेकू लागले. मंजुरीला बरेच महिने गेले, बिल्डर आला, टीचरांच्या अटीप्रमाणे करार रजिस्टर झाला आणि मग घरं सोडायची तारीख ठरली. शेवटच्या सभेत फिलोमिना टीचर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "हे सगळं ज्यानं केलं त्याचं नाव एकाही कागदावर नाही. मला हे बरोबर वाटत नाही. काहीतरी करा." कुणी म्हणालं, कायद्यात बसत नाही. कुणी म्हणालं, आपण सगळ्यांनी मिळून काही देऊ. कारखानीसकाका आले होते, ते खाली मान घालून म्हणाले की त्यांनी घर विकायचं ठरवलंय, मुलीच्या शिक्षणासाठी. मला ते खोटं वाटलं नाही, आणि म्हणून जास्त वाईट वाटलं. आप्पांनी हात जोडले. "मला काही नको. तुम्ही करार नीट सांभाळा. आणि कुणीही कोऱ्या कागदावर सही करू नका." टीचर खाली बसल्या, रुमाल काढला आणि चष्मा पुसण्याचं निमित्त केलं.

आमचं सामान हिराबाईच्या भाच्याच्या मासळीच्या टेम्पोतून कामणला गेलं. निघताना आई ओटा घासत बसली. मी म्हटलं, "अगं, पाडणार आहेत ते!" ती म्हणाली, "पाडायला येतील ती माणसंच ना? त्यांना काय वाटेल!" ओटा कोरडा करून, फडकं पिळून ती उठली. कामणची खोली बरी होती. गोडाऊनमधले ट्रक दिवसभर जात राहायचे, कपाटातल्या बश्या वाजत राहायच्या, पण वरून काही पडायचं नाही. पहिले काही दिवस आई तरीही वरणावर झाकण ठेवूनच उकळायची.

बांधकाम मध्येच थांबलं, पुन्हा सुरू झालं, बिल्डरनं भाडं थकवलं तेव्हा लोक आप्पांना शोधत कामणला आले. आप्पा दरवेळी नोटिशीचा मसुदा टाइप करून द्यायचे. टीचरांचा तो रजिस्टर्ड करार नसता तर सगळेच रस्त्यावर आले असते, असं आप्पा शेवटपर्यंत सांगायचे. आता माझ्या ऑफिसात अशाच योजनांच्या फायली येतात. चांगली योजना आहे, मी तिच्या विरुद्ध नाही. मोडक्या छताखाली माणसं मरण्यापेक्षा हजारपट चांगली. फक्त मी पहिल्याच भेटीत सोसायटीला विचारते, भाड्यानं कोण राहतंय, त्यांची सोय काय? बहुतेक वेळा सगळे माझ्याकडे नवलानं बघतात. एक-दोन ठिकाणी मात्र काहीतरी झालं. एवढंच माझ्या हातात आहे.

शेवटी इमारत उभी राहिली. वास्तुशांतीच्या दिवशी सगळ्या घरांतून आमंत्रणं आली. आप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला, आईनं ठेवणीतली साडी. आम्ही विरारला पोहोचलो तर आमच्या ओळखीचं तिथं काहीच नव्हतं. मोठं फाटक, काचेची केबिन, आत नवा वॉचमन. त्यानं रजिस्टर पुढं केलं. आप्पांनी नाव लिहिलं, गाव लिहिलं, वेळ लिहिली, आणि फ्लॅट नंबरच्या रकान्यापाशी त्यांचा हात थांबला.

"किसके घर जाना है चाचा?"

"सबके घर."

"ऐसा नहीं चलता. एक नंबर लिखो."

आप्पांनी मान वर करून त्या उंच इमारतीकडे पाहिलं. वरच्या कुठल्यातरी गॅलरीतून हिराबाई दोन्ही हात हलवून आमच्या नावानं ओरडत होती. तेवढ्या उंचीवरूनही स्पष्ट ऐकू येत होतं. आप्पा वॉचमनकडे वळले आणि मी कधीच ऐकलं नव्हतं इतक्या मोकळ्या आवाजात हसले.

"तो फिर तूच बोल बाबा," ते म्हणाले, "कौनसा छोडूं?"